खारफुटीच्या मुळांवरचा जीव आणि आपला प्राधान्यक्रम : कर्करोग संशोधनाचा निधी ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

महोदय, महोदया,

आमच्या रुग्णगटाने केलेल्या अर्जाला आपल्यापैकी एका संस्थेकडून आलेलं उत्तर माझ्यासमोर आहे. साडेतीन ओळींचं आहे. समुद्री जीवांपासून मिळणाऱ्या औषधांचा विषय ‘सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही’ आणि सार्कोमाच्या, म्हणजे स्नायू, चरबी, हाडं अशा ऊतींच्या दुर्मीळ कर्करोगाच्या, ज्या उपप्रकारांसाठी आम्ही चाचणी मागितली त्यांची ‘रुग्णसंख्या अपुरी आहे’, एवढंच त्यात लिहिलंय. संस्थेचं नाव मी घेत नाही. अशीच उत्तरं दुसऱ्या गटांना दुसरीकडूनही आली आहेत, आणि माझं भांडण कुण्या एका टेबलाशी नाही. संशोधनाचा पैसा कुठे जावा हे जे जे ठरवतात, त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या ताईला, २०१९ मध्ये लायोमायोसार्कोमाचं निदान झालं. रक्तवाहिन्या, आतडी, गर्भाशय यांच्या भिंतींत जे अनैच्छिक स्नायू असतात, त्यांच्या पेशींचा हा कर्करोग. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिला आधी एकटं डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध दिलं. काही महिन्यांत फुप्फुसांतल्या गाठी पुन्हा वाढल्या. मग डॉक्टरांनी ट्रॅबेक्टेडिन सुरू केलं.

ज्यांनी हे औषध जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ते मोठ्या शिरेत बसवलेल्या सेंट्रल लाइनमधून दिलं जातं. एक डोस शरीरात जायला पूर्ण चोवीस तास लागतात, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. आधी स्टेरॉइड द्यावं लागतं, कारण यकृतावर ताण येतो. रक्ताचा रिपोर्ट हाती येईपर्यंत पुढचा डोस मिळणार की लांबणार हे कळत नाही. पांढऱ्या पेशी घसरल्या म्हणून दोनदा आम्ही तयारीनिशी गेलो आणि तसेच परत आलो. अशाच एका लांबलचक रात्री, पंप सुरू असताना, ताईने डॉक्टरांना विचारलं, हे बनतं कशापासून? ते म्हणाले, मुळात एका समुद्री जीवापासून. तिने फोनवर त्याचं चित्र शोधलं. कॅरिबियन समुद्रात, खारफुटीच्या बुडालेल्या मुळांना लगडलेले नारिंगी झाक असलेले पारदर्शक घोस. एक्टेनॅसिडिया टर्बिनाटा. ती बराच वेळ ते चित्र बघत राहिली.

त्या औषधाने ताईचा आजार अकरा महिने जागच्या जागी थांबवला. गाठी नाहीशा झाल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत. ते अकरा महिने तिने घरात, माणसांत काढले. २०२१ मध्ये ती गेली.

या जीवाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण आपल्या फायलींमध्ये त्याचं नाव क्वचितच असतं. इंग्रजीत त्याला सी स्क्वर्ट म्हणतात, शास्त्रात ट्यूनिकेट, म्हणजे कंचुक पांघरलेला. तो कंचुक सेल्युलोजसारख्या द्रव्याचा असतो, जे एरवी वनस्पतींत सापडतं. प्रौढ प्राणी म्हणजे खडकाला किंवा मुळाला चिकटलेली एक पिशवी. एका तोंडाने पाणी आत घ्यायचं, गाळायचं, दुसऱ्याने सोडून द्यायचं. पण त्याची अळी बेडकाच्या पिल्लासारखी शेपटीवाली असते आणि त्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे कण्याच्या जागी असणारा लवचीक दांडा, असतो. अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी १८६६ मध्ये हे दाखवलं आणि तोवर मृदुकाय प्राण्यांत गणला जाणारा हा जीव पाठीचा कणा असलेल्यांच्या गणगोतात आला. २००६ मधल्या जनुकीय अभ्यासाने तर पृष्ठवंशीयांचे सर्वांत जवळचे नातलग हेच, असं सांगितलं. अळी थोडा वेळ पोहते, जागा निवडते, चिकटते आणि शेपटी पचवून टाकते. त्यानंतर पळायला पाय नाहीत, लपायला शिंपला नाही. ज्याला हलताच येत नाही, त्याला बचावासाठी रसायनच हाताशी लागतं. ते रसायन पुढे माणसाच्या गाठींपर्यंत कसं पोहोचलं, आणि पोहोचायला किती वेळ लागला, हीच माझी पहिली तक्रार आहे.

या जीवाच्या अर्कात कर्करोगाविरुद्ध काहीतरी आहे हे १९६९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या तपासणीत लक्षात आलं. रेणूची रचना प्रसिद्ध झाली १९९० मध्ये, केनेथ राइनहार्ट आणि एमी राइट यांच्या दोन वेगवेगळ्या गटांकडून. युरोपात औषधाला परवानगी मिळाली २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये. अर्क ते औषध, ३८ वर्षं. यातला काही काळ टाळता येण्याजोगा नव्हता हे मला मान्य आहे. टनभर प्राण्यांतून जेमतेम एक ग्रॅम द्रव्य मिळायचं. जुन्या उपकरणांना एवढ्याशा द्रव्याची रचना उलगडणं अवघड होतं. प्राणी ओरबाडून औषध बनवणं तर शक्यच नव्हतं, आणि ते योग्यही झालं नसतं. ई. जे. कोरी यांच्या गटाने १९९६ मध्ये रेणू पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवून दाखवला. पण त्या वाटेने औषधापुरता माल निघणं कठीण होतं. शेवटी स्पॅनिश कंपनी फार्मामारच्या रसायनतज्ज्ञांनी २००० मध्ये वेगळी वाट काढली. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जीवाणूला टाकीत वाढवायचं, तो बनवतो ते सॅफ्रॅसिन बी घ्यायचं आणि त्यावर पुढचं रसायनकाम करायचं. ताईच्या पिशवीतलं औषध समुद्रातून आलेलं नव्हतं, ते अशा टाकीतून आलेलं होतं. समुद्राने दिला होता तो नमुना.

माझं म्हणणं एवढंच आहे की आता उपकरणं तशी उरलेली नाहीत. त्या काळी ज्याला वर्षं लागली ते काम आज कितीतरी कमी वेळात, कितीतरी कमी द्रव्यात होतं. तरीही नैसर्गिक द्रव्यांचे विभाग एकामागून एक बंद होत गेले. मोठ्या औषधकंपन्यांनी १९९० च्या दशकापासून त्यातून अंग काढून घेतलं आणि सार्वजनिक पैशाने ती जागा भरून काढली नाही. गोठवून ठेवलेले अर्क हे पुढच्या औषधांचं बियाणं आहे. शीतगृहाचं वीजबिल परवडत नाही म्हणून ते टाकून देण्याची वेळ कुणावर येऊ नये. १९६९ चा तो निष्कर्ष कुणीतरी जपला, पुढच्याच्या हाती दिला, म्हणून माझ्या बहिणीला अकरा महिने मिळाले.

आता ‘अपुऱ्या रुग्णसंख्ये’कडे येते. हा शब्द मला सर्वांत जास्त लागला, म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेतली परवानगी ज्या चाचणीवर मिळाली तिच्यात ५१८ रुग्ण होते, लायोमायोसार्कोमा आणि लायपोसार्कोमाचे (चरबीच्या ऊतींचा सार्कोमा). डाकार्बाझिन हे जुनं केमोथेरपीचं औषध घेणाऱ्यांचा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) दीड महिना होता, ट्रॅबेक्टेडिन घेणाऱ्यांचा ४.२ महिने. एकूण आयुष्यात ठळक फरक दिसला नाही. मी हे दडवत नाही. आमच्या बाजूचा आकडा मोठा करून सांगितला तर मग आपण आमचं का ऐकावं?

पण फ्रान्समधल्या एका चाचणीने काय केलं तेही पाहा. एलएमएस-०४ तिचं नाव. दुसऱ्या फळीत राखून ठेवलेलं हेच औषध त्यांनी पहिल्याच उपचारात, डॉक्सोरुबिसिनच्या जोडीला दिलं. रुग्ण होते फक्त १५०, सगळे लायोमायोसार्कोमाचे. २०२२ मध्ये निकाल आला. आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ एकट्या डॉक्सोरुबिसिनवर ६.२ महिने, दोन्हींवर १२.२ महिने. पुढे २०२४ मध्ये एकूण आयुष्याचे आकडे आले, २४ महिन्यांच्या जागी ३३. दुष्परिणाम जास्त होते, उपचार कठीण होता, पण या आजाराच्या माणसांनी एवढा फरक कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

औषध बाजारात आलं २००७ मध्ये. या चाचणीत पहिला रुग्ण घेतला गेला २०१७ मध्ये. मधली दहा वर्षं औषध तेच होतं, आजार तोच होता, आणि दीडशे रुग्ण त्या दहांतल्या कुठल्याही वर्षी गोळा करता आले असते. निकाल आला त्याच्या आदल्या वर्षी ताई गेली. तिला ही जोडी मिळाली असती तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. पण हा प्रश्न माझ्या घरात रोज असतो, आणि ‘रुग्णसंख्या अपुरी’ हे शब्द वाचले की तो पुन्हा उभा राहतो. दीडशे माणसं पुरली होती.

शिवाय दुर्मीळ आजाराचं काम दुर्मीळ आजारापुरतं राहत नाही. ट्रॅबेक्टेडिन डीएनएच्या अरुंद खाचेत बसतं आणि त्या दोऱ्याला वाकवतं. पेशीची दुरुस्ती यंत्रणा तिथे धावून जाते आणि तिथेच अडकते. म्हणजे ज्या पेशींची ही दुरुस्ती शाबूत, त्याच जास्त मरतात. बऱ्याच औषधांच्या बाबतीत हे नेमकं उलट असतं. गाठीला पोसणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशींवरही त्याचा मारा होतो. हे सगळं सार्कोमासाठी वापरल्या जाणाऱ्या या औषधाच्या अभ्यासातून समजलं. त्याच रेणूत बदल करून लर्बिनेक्टेडिन तयार झालं, आणि त्याला अमेरिकेत जून २०२० मध्ये फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगासाठी सशर्त परवानगी मिळाली. त्या अभ्यासात १०५ रुग्ण होते आणि ३५ टक्क्यांच्या गाठी आकसल्या. ते एका तासात देता येतं, चोवीस तास लागत नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण तर ‘अपुरे’ नाहीत ना?

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तिच्यामुळे माझी झोप उडाली. हे द्रव्य बहुधा तो प्राणी बनवतच नाही. त्याच्या शरीरात राहणारा एक जीवाणू बनवतो. २०११ मध्ये डेव्हिड शर्मन यांच्या गटाने प्राण्याच्या ऊतींतल्या सगळ्या डीएनएची सरमिसळ वाचून त्या जीवाणूची आणि त्याच्या जनुकांची ओळख पटवली. कँडिडॅटस एंडोएक्टेनॅसिडिया फ्रुमेंटेन्सिस असं त्याचं नाव आहे. ‘कँडिडॅटस’ म्हणजे अजून वेगळा वाढवून न दाखवलेला. अंटार्क्टिकातल्या सायनॉइकम अडॅरिअॅनम या ट्यूनिकेटमध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर चालणारं पामेरोलाइड ए सापडलं, त्याची जनुकंही आतल्या जीवाणूकडेच निघाली. म्हणजे शोधायचा आहे तो नुसता प्राणी नाही, त्याच्या पोटातला भाडेकरू. अशा कामासाठी पैसा मागायला जावं तर कर्करोगवाले म्हणतात हे सूक्ष्मजीवशास्त्र, सूक्ष्मजीववाले म्हणतात हे सागरशास्त्र आणि सागरवाले म्हणतात हे औषधनिर्माण. एका संशोधकाने आमच्या गटासमोर हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. ही चौकट आपण आखली आहे. ती आपणच पुसू शकता.

अपयशाबद्दलही बोलायला हवं. समुद्री जीवापासून मिळालेलं जे द्रव्य माणसांवरच्या चाचण्यांत सर्वांत आधी उतरलं ते याच कुळातलं. डिडेम्निन बी, कॅरिबियनमधल्या ट्रायडिडेम्नम सोलिडममधून मिळालेलं, १९८१ मध्ये जाहीर झालेलं. विषारीपणामुळे ते थांबवावं लागलं. पण भूमध्य समुद्रातल्या अॅप्लिडियम अल्बिकन्समध्ये त्याचा अगदी जवळचा भाऊ सापडला, प्लिटिडेप्सिन. रचनेत फरक जेमतेम दोन हायड्रोजनचा. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगासाठी त्याला युरोपने २०१८ मध्ये नकार दिला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाने होकार. २५५ रुग्णांच्या एकाच चाचणीचे तेच आकडे दोन्हींकडे होते. दोन नियामकांचं मत वेगळं असू शकतं, ते मी समजू शकते. पण एकाने ‘पुरेसं’ आणि दुसऱ्याने ‘अपुरं’ कशाला म्हटलं हे रुग्णाला कळेल अशा भाषेत कुणी सांगितलं का? मायलोमाच्या रुग्णांनी ते कुणाला विचारायचं?

आणि जिथे आपण बोलत नाही तिथे दुसरे बोलतात. ताईच्या आजारपणात आमच्या घरी ‘समुद्री जीवांचा अर्क’ भरलेल्या कॅप्सूलची जाहिरात आली होती, त्यात ट्रॅबेक्टेडिनचं नावही होतं. आम्ही शिकलेली माणसं, तरी पैसे भरायच्या बेतात होतो. ताईनेच थांबवलं. ती म्हणाली, “टनाला एक ग्रॅम निघतं म्हणतात, मग या डबीत काय असेल?” सी स्क्वर्टच्या काही जाती कोरिया-जपानमध्ये खाल्ल्या जातात, त्या वेगळ्या जाती आहेत आणि खाऊन कर्करोग बरा होत नाही. हे एवढं साधं वाक्य आपल्यापैकी कुणाच्याही माहितीपत्रकात मला सापडलं नाही.

शेवटचं गाऱ्हाणं त्या मुळांचं. ट्यूनिकेटच्या सुमारे तीन हजार जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्या ओळखू शकणारी माणसं निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. चुकीच्या जातीचं लेबल लागलं तर पुढची सगळी रसायनं फुकट जातात. खारफुटी तोडली गेली की मुळांवरचं सगळं जातं, आतल्या जीवाणूसकट. आणि जिथून नमुना उचलला तिथल्या लोकांचा त्यातला वाटा ठरवणारा नागोया करार २०१० मध्ये आला, म्हणजे ट्रॅबेक्टेडिनच्या पहिल्या परवानगीनंतर.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

दुर्मीळ कर्करोगांच्या चाचण्यांना ‘रुग्णसंख्या अपुरी’ एवढ्या एका कारणाने नकार देऊ नये. संख्या कमी असेल तर अनेक देशांची एकत्र चाचणी उभी करण्यासाठी वेगळा निधी ठेवावा. परवानगी मिळालेल्या औषधाचा पहिल्या फळीत आणि जोडीने उपयोग होतो का, हे तपासायला दहा वर्षं जाऊ नयेत. परवानगीनंतर दोन वर्षांच्या आत त्याचा आराखडा जाहीर व्हावा.

समुद्री अर्कांचा कोणताही सार्वजनिक संग्रह बंद करण्याआधी तशी जाहीर सूचना द्यावी आणि तो दुसऱ्या संस्थेला सोपवण्यासाठी किमान एक वर्ष द्यावं.

यजमान प्राणी आणि त्यातला जीवाणू यांच्या एकत्रित अभ्यासासाठी असा एक अर्जमार्ग करावा, जिथे कर्करोग, सूक्ष्मजीव आणि सागर या तिन्हींचे परीक्षक एका बैठकीत बसतील. जाती ओळखणाऱ्या तज्ज्ञांचं वेतन प्रकल्पाच्या खर्चात धरावं. नमुना जिथून घेतला त्या किनाऱ्याच्या रक्षणाचा वाटाही त्यातच असावा, नंतर देणगी म्हणून नको.

थांबवलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक औषधाचं कारण एका पानात, साध्या भाषेत प्रसिद्ध व्हावं. त्याच पानावर बाजारातल्या ‘समुद्री अर्कां’बद्दल इशारा असावा.

आणि हे सगळं ज्या समित्यांत ठरतं, तिथे रुग्णांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना मतासह जागा द्यावी, नुसती निरीक्षकाची खुर्ची नको.

आमचा मूळ अर्ज या पत्रासोबत पुन्हा पाठवत आहोत. त्यात चाचणीचा मसुदा आहे, सहभागी व्हायला तयार असलेल्या रुग्णगटांच्या सह्या आहेत. आपल्या पुढच्या बैठकीची तारीख कळवावी. आमच्यातले तिघे यायला तयार आहेत, आणि त्यांतल्या एकीचं ट्रॅबेक्टेडिन सध्या सुरू आहे, तेव्हा तिच्या डोसचा आठवडा सोडून तारीख ठरवावी ही विनंती.

आपली,
एका लायोमायोसार्कोमा रुग्णाची धाकटी बहीण